साळूआत्याची फटफटी

बालमित्रांनो, ज्या जंगलातल्या प्राण्यांना फटफटीचे वेड लागले होते, त्या जंगलात एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर, हे तुम्हाला ठाऊक असेलच. अंगभर लांब काटे, नाकाने सदा काहीतरी हुंगत चालायची सवय, आणि पाय मात्र एवढेसे, की चालताना पोट गवताला लागायचे. स्वभावाने ती मायाळू होती, कष्टाळूही होती. फक्त तिच्या उंचीवरून कुणी काही बोलले, की तिचे काटे आपोआप उभे राहत.

आता हे फटफटीचे वेड जंगलात आले कुठून, ते मला विचारू नका. जंगलातून घाटाचा एक रस्ता जात होता, रस्त्याच्या कडेला कोल्ह्याचे गॅरेज होते आणि गॅरेजात गाड्या होत्या, एवढे आपल्या गोष्टीला पुरे आहे. सांबर फटफटीवरून तळ्यावर पाणी प्यायला जाई. अस्वल फटफटीवरून मोहाची फुले गोळा करी. माकडे तर तिघे-तिघे बसून हिंडत आणि ओरडा खात.

पण घाटात जायचे, तर एक नियम होता. गाडीवर बसून दोन्ही पाय टाचांसकट जमिनीला टेकवून दाखवायचे. घाटाच्या तोंडाशी करंजाच्या झाडाखाली म्हातारी नीलगाय बसलेली असे, आणि तिने मान हलवल्याशिवाय कुणी पुढे जात नसे. नियम काही उगाच नव्हता. घाटातल्या अवघड वळणावर हत्तींचा कळप केव्हाही आडवा येई. हत्ती काही भोंगा वाजवून बाजूला होत नाहीत. ते जाईपर्यंत उतारावर गाडी धरून उभे राहावे लागे, आणि ज्याचे पाय पोचत नसत, तो गाडीसकट दरीत जायचा.

साळूला मात्र घाट ओलांडायचाच होता. पलीकडे तिचा धाकटा भाऊ राहत होता. त्याच्या घरी पाळणा हलणार होता, आणि बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पहिल्या भाच्याच्या वेळी ती पायी निघाली होती. एवढ्याशा पायांनी घाट चढून उतरून ती पोचली, तेव्हा पाळणा उतरवून ठेवला होता आणि घुगऱ्यांची पातेली घासायला पडली होती. मुहूर्त टळू नये म्हणून शेजारच्या बेडकिणीने नाव ठेवून टाकले होते. आणि काय नाव ठेवले? डबक्या! भावाचा मुलगा चांगला गुणी, देखणा; पण त्याला जन्मभर सगळे डबक्याच म्हणणार होते. साळूला त्या गोष्टीची इतकी हळहळ वाटे, की भाच्याला हाक मारताना तिचा आवाज खाली येई.

"या खेपेला मी वेळेवर येईन," तिने भावाला शब्द दिला होता. "फटफटीवरून येईन. बेडकीणबाईंना म्हणावं, तुम्ही फक्त जेवायला या."

शब्द दिला खरा, पण साळूला फटफटीचा ओ की ठो माहीत नव्हता. ती कोल्ह्याच्या गॅरेजात गेली. कोल्ह्याने तिला खालपासून वरपर्यंत पाहिले. त्याला काही फार वेळ लागला नाही. मग त्याने सगळ्यांत उंच गाडी पुढे काढली. डोंगर चढणारी, जाड चाकांची, ऐटबाज.

"आत्याबाई, घाटाला हीच. दुसरी नेलीत, तर मला दोष देऊ नका," कोल्हा म्हणाला.

"पण माझे पाय…"

"पायांचं काय घेऊन बसलात! सवय होते. चार दिवस चालवलीत, की पाय आपोआप पोचायला लागतात."

साळूने साठवलेले सगळे कंद त्याच्या पुढ्यात ओतले आणि गाडी घेतली. चढायला तिने एक वारूळ गाठले. वारुळावर चढून गाडीवर बसायचे, आणि निघायचे. निघाली की गाडी छान जायची. वारा काट्यांतून सळसळत जाई आणि साळूला आपण सांबराएवढे झालो असे वाटे. पण थांबायचे कुठे? जिथे वारूळ असेल तिथेच! एकदा रस्त्यात मध्येच सशाचे पिल्लू आले. साळूने ब्रेक दाबला, डावा पाय खाली सोडला, आणि खाली जमीनच नव्हती. गाडी आडवी आणि गाडीखाली साळू. तिचे काटे पुढच्या चाकात घुसले आणि चाकाची हवा गेली ती वेगळीच.

अस्वलाने हे पाहिले आणि धावत येऊन एका हाताने गाडी उचलली. अस्वल मनाने चांगले होते. "तुम्ही माझी गाडी बघा, आत्याबाई," ते म्हणाले. "माझी बुटकी आहे."

अस्वलाची गाडी खरेच बुटकी होती. ऐसपैस, जाडजूड, कर कर वाजणाऱ्या कातडी सीटची. साळू बसली आणि तिचे दोन्ही पाय अगदी टाचांपर्यंत टेकले. तिला इतका आनंद झाला, की ती बसल्या जागीच हसू लागली. मग तिने गाडी स्टँडवरून सरळ करायला जोर लावला. गाडी हलेना. आणखी जोर लावला. तेव्हा गाडी हलली, सरळ झाली, आणि तशीच पलीकडच्या बाजूला कलायला लागली. साळूने दोन्ही पाय रोवले, दात आवळले, पण एवढे ओझे तिला पेलवेना. गाडी अगदी सावकाश, तिला पुरेसा विचार करायला वेळ देत, आडवी झाली.

"पडली तर उचलता आली पाहिजे," अस्वल ओशाळून म्हणाले. "ते माझ्या लक्षातच आलं नाही. मला उचलता येते ना!"

मग साळूने स्वतःचे डोके चालवले. सागाच्या लाकडाचे दोन ठोकळे घेतले, वेलीने पायांना घट्ट बांधले आणि उंच गाडीचे चाक दुरुस्त करून ती करंजाच्या झाडाखाली हजर झाली. वारुळाची गरज नाही, काही नाही! ठोकळे जमिनीला टेकले. नीलगायीची नजर म्हातारपणाने अधू झाली होती. तिने मान हलवली. साळू ऐटीत निघाली, आणि पहिल्याच वळणावर तिच्या ध्यानात आले, की पायाखाली ब्रेक आहे की नाही हे ठोकळ्यातून कळतच नाही. ती ब्रेक समजून भलतेच काही दाबत राहिली आणि थेट घाणेरीच्या झुडपात शिरली.

नीलगाय हळूहळू चालत तिथवर आली. रागावली नाही. तिने दातांनी वेल तोडून ठोकळे बाजूला केले.

"अगं, वरच्या अवघड वळणावर असं झालं असतं तर?" ती म्हणाली. "भावाकडे तुझा निरोप पोचवायची पाळी माझ्यावर आली असती. तसला निरोप घेऊन मला पाठवू नकोस, बाई."

खरचटले होते ते साळूला लागत नव्हते, पण म्हातारीचे बोलणे लागले.

इतक्यात घाटापलीकडून बुलबुल आला. "साळूआत्या, मुलगा झाला!" तो फांदीवरून ओरडला. मग खाली उतरून म्हणाला, "बारसं अगदी तोंडावर आलं की निरोप दे, असं तुमच्या भावानं सांगितलं होतं. परवा बारसं. आणि हो, बेडकीणबाई रोज तळ्यावर आवाज तयार करतायत."

साळूने झुडपातून गाडी बाहेर ओढली. ती पुन्हा कोल्ह्याकडे गेली. उंच गाडी परत केली आणि म्हणाली, "मला ऐट नको. मला जायचंय." कोल्ह्याने डोके खाजवले. गॅरेजच्या मागे, पालापाचोळ्यात, एक जुनी, बारकुडी गाडी पडली होती. आवाज शिंकल्यासारखा, वेग बेताचा. कुणी तिच्याकडे ढुंकून बघत नसे. "ही न्या," कोल्हा म्हणाला. "पण ही माझ्या गॅरेजातून नेलीत, असं कुणाला सांगू नका."

साळूने हँडल धरले, गाडी सहज सरळ झाली. मुद्दाम आडवी पाडून पाहिली, तर तिची तिला उचलता आली. गाडी वळवाल तशी वळत होती. साळूचा जीव तिच्यावर जडला. एकच अडचण राहिली. पायांची फक्त बोटे टेकत होती, टाचा अधांतरी.

"जवळजवळ टेकतात," साळू नीलगायीला अजिजीने म्हणाली.

"हत्तींना जवळजवळ कळत नाही, बाळ," नीलगाय म्हणाली. तिलाही वाईट वाटत होते, ते तिच्या तोंडावर दिसत होते. पण तिने मान हलवली नाही.

साळू गाडी ढकलत आपल्या बिळाशी आली. गाडी बाहेर लावली, आत जाऊन तोंड भिंतीकडे केले आणि पडून राहिली. सकाळ होताच ती दमून झोपली. साळू दिवसा झोपतात, हे तर तुम्हाला माहीत आहेच.

आता त्या जंगलात एक उंदीर होता. त्याच्याविषयी चांगले बोलणारे कुणी नव्हते. त्याने सांबराच्या गाडीच्या वायरी खाल्ल्या होत्या, माकडांच्या गाडीचे आरशाचे रबर खाल्ले होते आणि अस्वलाच्या कातडी सीटचा कोपरा चाखून पाहिला होता. त्याला पाहिले, की जो तो हातात येईल ते फेकून मारी. "मेला," "मुडदा," "कुरतड्या," अशाच हाका त्याच्या कानी पडत. त्या दिवशी भर दुपारी, सारे जंगल गप्प असताना, तो साळूच्या गाडीवर चढला. सीटचे रेक्झिन त्याने मधोमध फाडले, आतला स्पंज भराभर कुरतडला आणि तोंडात धरून आपल्या बिळात खेपा घातल्या.

संध्याकाळी साळू बाहेर आली. पाहते तो काय, सीटच्या मध्ये हा एवढा खड्डा! आणि त्या खड्ड्यात बसून उंदीर शेवटचा घास तोंडात भरत होता. साळूचे सगळे काटे ताठ उभे राहिले. उंदराने ते पाहिले आणि त्याला पळायचेही सुचेना.

"मारा, आत्या," तो म्हणाला. "पण लवकर मारा. पिल्लं लहान आहेत. थंडी फार पडलीय, खाली अंथरायला काही नव्हतं. मला मऊ म्हणजे एवढंच ठाऊक आहे."

साळूचा राग अर्ध्यावरच थांबला. काटे हळूहळू खाली आले. मारून काय मिळणार होते? गाडी तशीही घाटात जाणार नव्हती. घरात पिल्ले थंडीने कुडकुडत असताना सीटकडे कोण बघेल? तिलाच आठवले, भाचा डबक्या लहान असताना त्याच्याखाली घालायला तिने कोवळी पाने घाट ओलांडून नेली होती.

"घेऊन जा," ती म्हणाली. "उरलंय तेही घेऊन जा."

आणि तिला इतका थकवा आला, की ती तशीच, कुठे बसतोय याचा विचार न करता, त्या फाटक्या सीटवर बसली.

बसली, आणि तिने पाय खाली सोडले. तिने खाली पाहिले. उजवा पाय पाहिला, मग डावा. मग वाकून पुन्हा उजवा पाहिला.

"उंदीरभाऊ," ती हळूच म्हणाली, "जरा खाली उतर आणि बघ. माझ्या टाचा टेकल्यात का रे?"

उंदीर उतरला. त्याने उजव्या टाचेखाली नाक घालायचा प्रयत्न केला. "इकडे नाक जात नाही," तो म्हणाला. मग डावीकडे गेला. "इकडे नखभर जातं."

"मग डावीकडे थोडं राहिलंय," साळू म्हणाली. "कुरतड."

उंदराला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "काय म्हणालात?"

"कुरतड म्हणते ना! आणि कडासुद्धा जरा कमी कर, मांड्या फाकतात. पण बेताने हं, मला बसायलाही उरलं पाहिजे."

उंदराने जन्मात पुष्कळ काही कुरतडले होते, पण त्याला 'कुरतड' असे कुणी सांगितले नव्हते. तो इतक्या काळजीने कामाला लागला, की बघत राहावे. थोडे कुरतडायचा, थांबायचा, आणि विचारायचा, "आता बसून बघा, आत्या." साळू बसायची. "अजून किंचित." पुन्हा तो चढायचा. कुरतडलेला स्पंज मात्र एक कणही वाया जाऊ न देता एका बाजूला रचत होता. शेवटी दोन्ही टाचांखाली त्याचे नाक जाईना, तेव्हा त्याने मिशा पुसल्या. साळूने फाटक्या रेक्झिनवर पळसाची पाने घातली आणि आपल्याच काट्यांनी ती घट्ट टाचली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती करंजाखाली उभी राहिली. या वेळी नीलगायीने आधी वाकून, अगदी नाक लावून, पायांना ठोकळे नाहीत ना ते पाहिले. मग टाचा पाहिल्या. मग सीट पाहिली, आणि हसली.

"कुणी करून दिलं गं हे?"

"उंदीरभाऊंनी," साळू म्हणाली. आजूबाजूच्या माकडांनी दात काढले, पण साळूने ते शब्द पुन्हा एकदा, मुद्दाम मोठ्याने म्हटले. "आमच्या उंदीरभाऊंनी."

नीलगायीने मान हलवली.

उंदीर झाडामागून बघत होता. साळूने त्याला हाक मारली. "चल की! बारशाला घुगऱ्या मिळतील. पिल्लांसाठीही घेऊन येशील." उंदीर संकोचाने पुढे आला. साळूच्या मागे बसणे कुणालाच शक्य नव्हते, ते तुम्ही जाणताच. म्हणून तो पुढे टाकीवर बसला आणि हँडलच्या मधल्या दांडीला त्याने घट्ट मिठी मारली. फटफटी शिंकत शिंकत घाट चढू लागली.

अवघड वळणावर हत्ती आलेच. एक, मग त्यामागे आणखी, मग पिल्ले, मग म्हाताऱ्या हत्तिणी. उतार असा, की एका बाजूचा रस्ता खाली पळाल्यासारखा. साळूने घाई केली नाही. डोंगराच्या अंगाला, जिथे जमीन थोडी वर होती, तिथे तिने गाडी नेली, ब्रेक दाबला आणि पाय सोडले. जमीन होती. दोन्ही पायांखाली अख्खी जमीन होती. दरीतून थंड वारा येत होता, हत्ती सावकाश जात होते आणि साळू गाडी धरून उभी होती. तिला एकदम भरून आले.

"उंदीरभाऊ, तुझे उपकार कसे फेडू रे?" ती म्हणाली.

"मी तर चोरी करायला आलो होतो, आत्या," उंदीर पुढे बघतच म्हणाला.

"ते मला माहीत आहे. पण काल तू एवढं मन लावून जे कुरतडलंस, ती काही चोरी नव्हती." "तुझं नाव काय? उंदीरभाऊ म्हणते मी, पण आईबापांनी काहीतरी ठेवलं असेल ना?"

हत्ती निघून गेले, रस्ता मोकळा झाला, तरी साळूने गाडी सुरू केली नाही.

"दाणू," उंदीर शेवटी म्हणाला. "आई म्हणायची. आई गेल्यावर त्या नावानं कुणी हाक मारली नाही. मीच विसरलो की काय, असं वाटत होतं."

भावाच्या दारात फटफटी शिंकली, तेव्हा पाळणा सजला होता. भाऊ रस्त्याकडे डोळे लावून बसला होता. बेडकीणबाई पाळण्याच्या दोरीशी उभ्या राहून घसा साफ करीत होत्या. साळूला पाहून त्यांचे तोंड मिटले. वहिनी धावत आली आणि तिने नणंदेचे पाय धुवायला पाणी दिले. "आलात, वन्सं! आम्हाला वाटलं, या वेळीही…"

आपल्याकडे आत्या बाळाच्या कानात नाव सांगू लागली, की बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. पण साळूच्या पाठीत धपाटा कोण घालणार? म्हणून साळूंच्या घरी त्या वेळी सगळे जमिनीवर पाय आपटतात. आत्या पाळण्यावर वाकली. सगळ्यांनी धाड धाड पाय आपटले. बाळाचे काटे अजून मऊ होते. त्याच्या इवल्याशा कानाशी तोंड नेऊन आत्याने नाव सांगितले, आणि मग मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या, आनंदाने थरथरणाऱ्या आवाजात ते पुन्हा म्हटले.

"दाणू!"

"ओ!" दारातून आवाज आला.

सगळे वळून बघू लागले. हातात घुगऱ्यांचा द्रोण घेऊन उंबऱ्यापाशी बसलेला उंदीर अर्धवट उठून उभा राहिला होता. आपल्यालाच हाक आली असे त्याला वाटले होते. चूक लक्षात आल्यावर तो शरमला, आणि द्रोणात तोंड लपवू लागला.

"लाजतोस काय?" साळूआत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती हसत होती. "तुझंच नाव आहे ते. ये, आत ये. बाळाला बघ."

तात्पर्य : वस्तू आपल्या मापाची नसेल तर स्वतःला कमी समजू नये, ती वस्तू आपल्या मापाची करून घ्यावी, आणि ज्याच्यामुळे आपले पाय जमिनीला टेकले, त्याला जग काहीही म्हणो, आपण त्याला त्याच्या नावाने हाक मारावी.